साबणावरची पिवळी ओळ

९ जानेवारी

श्री. मालक, साबण कारखाना, यांस,

विषय : रॅपरच्या कामाचे पैसे.

महोदय, आपल्या साबणाच्या नव्या रॅपरचे काम पूर्ण करून आपणांस बिल पाठवले, त्यास बराच काळ लोटला आहे. तरी सदर रक्कम आपण कृपया लवकरात लवकर

नाही जमत. दादा, तुला महोदय म्हणताना माझंच मला हसू येतंय. माझ्या वाटणीचं चॉकलेट खाऊन वर ‘मुंग्यांनी नेलं’ म्हणून सांगणारा तू. बाकीच्यांना पाठवते तेच स्मरणपत्र तुलाही धाडावं असं ठरवून बसले होते, पण तीन ओळींतच दम संपला.

कागदावर लिहितेय, कारण माझे मेसेज तू वाचतोस आणि गप्प बसतोस. फोन केला तर म्हणालास, ‘घरच्या कामाचे कसले पैसे मागतेस गं?’ आणि ठेवून दिलास. पत्र मात्र तू फोडशील हे मला माहीत आहे. बाबांसारखंच, कात्रीने, कड सरळ कापून. बाबा गेल्यावर कारखान्यातलं बाकी सगळं बदललंस, ती कात्री तेवढी टेबलावर ठेवलीस.

तुला वाटतं मी फक्त तुझ्याच मागे लागलेय. तसं नाही रे बाबा. माझ्या मागे-पुढे सगळी हीच जत्रा आहे. दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्या दवाखान्याची पाटी, पावत्या, पिशव्या सगळं मी केलं. भेटले की तोंडभर हसतात, पैशांचं नाव काढलं की दातखीळ बसते. जिमवाला म्हणतो, ‘मॅडम, तुम्ही तर आपल्या फॅमिलीतल्या.’ एक शिकवणीवाल्या बाई आहेत, त्यांचे अकाउंटवाले कायम सुट्टीवर असतात. अकाउंटवाले म्हणजे त्यांचे यजमान. रोज संध्याकाळी कोपऱ्यावर भाजी घेताना मला दिसतात आणि मला बघून कोथिंबिरीत तोंड घालतात. काम मात्र सगळ्यांना कालच हवं असतं. ‘फक्त पाच मिनिटांचं आहे हो, लोगो जरा मोठा करा.’ केला. ‘आता जरा लहान करा.’ तोही केला. पंधरा वेळा खालीवर करून पहिलाच पसंत पडतो, आणि मग फोन लागेनासा होतो.

यांची सवय झालीय मला. ज्याचं त्याचं नशीब म्हणून पुढचं काम घेते. पण तुझं बिल पाठवताना मला वाटलं होतं की हे एक तरी येईल. भाडं थकलंय, ते मी कसंतरी निभावेन. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘पैसे सोड आणि भाऊ ठेव.’ मला दोन्ही हवेत, दादा. तुझ्याकडून पैसे घेतले तर भाऊ जातो आणि सोडले तर राहतो, असं का असावं, हे मला कळत नाही.

एक कामाचं सांगते, नीट वाच. तुला पाठवलंय ते प्रूफ आहे, नुसतं बघण्यापुरतं. ‘खऱ्या साबणावर गुंडाळून बघायचंय’ म्हणालास, म्हणून पूर्ण मापाचं पाठवलं, एरवी कुणाला देत नाही. त्यावर माझी नेहमीची खूण आहे. पैसे आले की खूण काढून स्वच्छ फाइल देते. त्या प्रूफवरून छापू नकोस.

वहिनीला नमस्कार.

बारकी


२ फेब्रुवारी

दादा,

उत्तर मिळालं. आई स्वतः घेऊन आली, रिक्षातून, मांडीवर ठेवून. साबणाची पेटी.

मी पेटी उघडली, तळापर्यंत चाचपली. म्हटलं, एखादं पाकीट असेल. नव्हतं. नेहमीचेच साबण, कडा तुटलेले, शिक्का वाकडा बसलेले, दुकानात न जाणारे. आई म्हणाली, ‘बघ, तुझी आठवण आहे त्याला.’ आठवण आहे हे मला ठाऊक आहे गं आई, मी म्हटलं, पण घरमालक साबण घेत नाही. तर ती रुसली. चहाही न घेता निघाली, मग जिन्यातून परत येऊन घेतला.

जन्मात मी साबण विकत घेतलेला नाही, हे खरं. शाळेत मुली मला ‘साबणवाली’ म्हणायच्या, माझ्या अंगाला कायम बाबांच्या कारखान्याचा वास. मला आवडायचं ते. तुझं रॅपर करताना तोच वास कागदावर कसा दिसेल, याच विचारात मी कितीतरी दिवस होते. हिरवा किती फिका घ्यावा, अक्षरं गोल असावीत की टोकदार, यावर जीव पाखडला. तुला हे सांगितलं असतं तर म्हणाला असतास, ‘हिरवा तो हिरवा, त्यात काय एवढं.’

आता खरं बोलू का? पैशांपेक्षा आईच्या वाढदिवसाचं मला जास्त लागलंय. तू विसरलाही असशील. तुझे ते तेलवाले व्यापारी आले होते, आपल्या कारखान्याला वर्षानुवर्षं उधारीवर तेल देणारे. त्यांनी विचारलं, ‘ही धाकटी काय करते?’ आणि तू म्हणालास, ‘ही? ही घरीच असते. कॉम्प्युटरवर चित्रं काढते.’ मी केकच्या बश्या धरून उभी होते. त्या केकच्या खोक्यावरचं चित्रसुद्धा मीच काढलेलं होतं. पण तेव्हा बोलून दाखवलं असतं तर ‘किती मनाला लावून घेतेस’ ऐकावं लागलं असतं, म्हणून बश्या वाटत राहिले.

घरीच असते म्हणे! अरे, सकाळी या खुर्चीत बसते ती जेवायलासुद्धा उठायचं जिवावर येतं. पाठीचा पार खुर्दा झालाय. डोळ्यांना चष्म्यावर चष्मा. तुझ्या कारखान्यात भोंगा होतो तेव्हा तुझी माणसं सुटतात, मला भोंगाच नाही.

साबण ठेवून घेतलेत. बिल पुन्हा जोडलंय. रक्कम तीच आहे, बहीण म्हणून चढवलेली नाही आणि उतरवलेलीही नाही.

बारकी


२७ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र मिळण्याआधी तुला सगळं कळलेलं असेल, तरी लिहिते, कारण तू फोन उचलत नाहीस.

मघाशी खाली दुकानात दूध आणायला गेले. काउंटरवर आपले साबण रचलेले. नवं रॅपर! मला आधी इतका आनंद झाला म्हणून सांगू, पैसेबिसे सगळं विसरले. माझा हिरवा, माझी गोल अक्षरं, उभीच्या उभी भिंत. दुकानदाराला सांगणारच होते की हे मी केलंय. एक वडी उचलली आणि बघतेय तर हिरवा माझा हिरवा नव्हता. चांगलाच भडक. आणि त्याच्यावरून तिरकी, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, पिवळी धमक ओळ :

‘या कामाचे पैसे मिळालेले नाहीत.’

दुसरी वडी बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांवर. दुकानदार म्हणतो, ‘काय हो ताई, कुणाचे पैसे राहिलेत यांच्याकडे? सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाईक मलाच विचारतंय.’ मला हसू फुटलं रे. चांगली खो खो हसले. आणि मग हातातली वडी पालथी घालून ठेवली. दूध न घेताच वर आले.

ही ती माझी खूण. पैसे येईपर्यंत प्रत्येक प्रूफवर घालते. पूर्वी काळ्या ठळक अक्षरांत घालायचे. मग डॉक्टर म्हणाले, डिझाइन नीट दिसत नाही. जिमवाला म्हणाला, मॅडम, अपमान वाटतो. म्हणून करडी केली, मग फिकी केली, मग आणखी फिकी पिवळी. भांडण नको म्हणून मी जशी स्वतः बोलायची बंद होत गेले तशीच. आता ती फोनवर कुणाला दिसतसुद्धा नाही. मलाच माहीत असते की ती आहे.

आपल्या नेहमीच्या छापखान्यात गेला असतास तर तिथल्या काकांनी मशीन सुरू करण्याआधी मला फोन केला असता. मी त्यांनाच विचारलं आत्ता. ते म्हणाले, तू दुसरीकडे गेलास, स्वस्तात पडतं म्हणून. त्यांनी तिथे चौकशी केली, तर तिथला माणूस म्हणतो, ‘मालक स्वतः सांगून गेले, रंग जरा उठावदार करा.’ त्यांनी उठवले. हिरवा उठला, आणि त्याच्याबरोबर माझी ओळही उठली. आणि ते रॅपर मशीनवरून साबणावर चढलं, पेट्यांत भरलं, गाडीत गेलं, आणि तुमच्यापैकी एकाही माणसाने ते डोळे उघडून वाचलं नाही. काय म्हणू मी तुम्हाला?

माल परत मागव. मी सांगतेय म्हणून नको, तुझ्या नावासाठी मागव.

बारकी


१५ मार्च

दादा,

तू आलास तेव्हा मी काही बोलले नाही, म्हणून आता लिहिते. तुझ्यापुढे माझं तोंड उघडत नाही आणि मागे बंद होत नाही, हे जुनंच आहे.

इतक्या वर्षांत माझ्या या खोलीत तू पहिल्यांदा आलास. लिफ्ट बंद होती. चार जिने चढून, घामाघूम, हातात रॅपरांचं गाठोडं. ते टेबलावर आपटलंस तेव्हा माझा चहा सांडला. ‘मुद्दाम केलंस,’ म्हणालास. ‘बाजारात माझी पत गेली, पत! बाबांनी जन्मभर जपलेली.’ मग ते तेलवाल्यांचं सांगितलंस. ते कारखान्यात आले, साबणाची वडी तुझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, ‘हे कुणाचे राहिलेत?’ तुला खोटं बोलता येत नाही, चॉकलेट सोडून. तू म्हणालास, ‘बहिणीचे.’ आणि ते म्हणाले, ‘सख्ख्या बहिणीचे दिले नाहीत, तर मालक, माझे काय देणार?’ तेव्हापासून तेल रोखीने. सुगंधवाल्यांनीही तेच केलं. अर्ध्या दुकानांतून माल परत आला.

हे सांगताना तुझा आवाज चिरकला. मला तुझी दया आली आणि त्याच वेळी आत कुठेतरी बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे, लपवत नाही.

मुद्दाम केलं का, याचं उत्तर देते. ओळ मुद्दाम, छपाई नाही. तुझं प्रूफ पाठवताना ती ओळ काढायला मी गेले होते. घरचं आहे, कशाला, म्हणून. तेवढ्यात ‘ही घरीच असते’ आठवलं आणि हात मागे घेतला. जी खूण सगळ्यांना, ती तुलाही. एवढाच माझा गुन्हा. तो मला मान्य आहे, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घालीन.

मग तू भिंतीकडे बघितलंस. ज्यांचे पैसे आलेले नाहीत ती सगळी प्रूफं मी टेबलासमोर चिकटवते, आले की उतरवते. भिंत रंगवायची कधी गरज पडली नाही. तू एकेक वाचत गेलास. दवाखाना, शिकवणी, ते फुलांचं दुकान, बंदसुद्धा पडलं बिचारं. बराच वेळ वाचत होतास. आणि मग तुझं रॅपर सापडलं तुला. म्हणालास, ‘मला त्या जिमवाल्याच्या शेजारी लावलंस?’

इतकं लागलं होतं तुला ते, की मला पुन्हा हसू यायला लागलं. म्हणून मी चहा करायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा तू माझ्या खुर्चीत बसला होतास. कप धरलास, आणि मला तुझी बोटं दिसली. साबणात पडणाऱ्या कॉस्टिक सोड्याने भाजून पांढरी पडलेली, बाबांची होती तशी. तू माझ्याकडे न बघता बोललास, ‘माझे तरी कोण देतंय, बारके? हॉटेलवाले वर्षभर छोट्या वड्या नेतात. दारात जाऊन बसलो की सरबत पाजतात. म्हणतात, तुम्ही तर आपलेच.’

एवढं बोलून उठलास. गाठोडं तिथंच टाकून गेलास.

मला हे ठाऊक नव्हतं रे. तुझी गाडी, तुझा कारखाना, तुझा तो मोठा आवाज. मला वाटायचं, तुझ्याकडे आहेत आणि तू देत नाहीस. एकदा तरी बोलायचं होतंस. ‘बारके, हात तंगीत आहे, थांब जरा’ एवढं म्हटलं असतंस तर मी वर्षभर थांबले असते, वर तुला चहा पाजला असता. पण ‘नाहीत’ म्हणण्यापेक्षा ‘घरचं काम’ म्हणणं तुला सोपं गेलं. आणि मीसुद्धा, समोरासमोर मागण्यापेक्षा न दिसणारी ओळ घालत बसले. एकाच आईबापाची पोरं आपण.

बिल मागे घेत नाहीये. आई रोज फोनवर रडते, म्हणते, माघार घे. घेतली असती, पण मग त्या भिंतीवरचं एकही बिल मागायचं तोंड मला उरणार नाही. काम केलं ते काम होतं, दादा. एवढं तू एकदा म्हण. मग पैसे कधीही दे.

बारकी


११ एप्रिल

दादा,

तुझी चिठ्ठी काल मिळाली. कारखान्याच्या छापील कागदावर, खाली सहीबरोबर शिक्कासुद्धा. मी तीन खेपा वाचली. वहिनीने लिहून दिली असेल असं आधी वाटलं, पण ‘पट्टी’तला तो लंगडा ट तुझाच.

तू लिहिलंस : ‘परत आलेला माल पडून आहे. साबण चांगला आहे, फेकवत नाही. त्या ओळीवर चिकटवायला एक पट्टी करून हवी. काम किती दिवसांचं आहे? आणि तू किती घेशील? आधी सांग, मग सुरू कर. जुन्या बिलाचा अर्धा चेक सोबत. बाकीचे पुढच्या महिन्यात, हॉटेलवाल्यांनी दिले की. न दिले तरी.’

चेक मी बघितला, बाजूला ठेवला. रडू आलं ते त्याने नाही. ‘तू किती घेशील’ ने आलं.

घरात आजवर मला हे कुणी विचारलेलं नाही, दादा. तुझ्या लग्नाची पत्रिका मी केली. वहिनीच्या भावाच्या दुकानाची पाटी केली. बाबा गेले तेव्हा वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर आणि फोटोची चौकट मीच बसवली, डोळे पुसत पुसत, आणि मागून आत्या म्हणत होती की फोटो जरा मोठा कर. त्याचे पैसे मला नको होते, कधीच नको होते. पण ‘किती वेळ लागला गं’ एवढंही कुणाच्या मनात येऊ नये? आणि तू, तू चक्क शिक्का मारून विचारलंस.

तर उत्तर देते. पट्टीचं काम आठवड्याचं. पैसे सोबतच्या कागदावर लिहिलेत. अर्धे आधी, अर्धे फाइल देताना. सवलत नाही. छपाई आपल्या काकांकडेच करायची आणि मशीन सुरू व्हायच्या आधी पहिला कागद तू स्वतः वाचायचास, चष्मा लावून. रंग उठावदार करा म्हणालास तर मी काम सोडून निघून जाईन. पट्टीच्या प्रूफवरही माझी ओळ असेल, पण या वेळी काळी, ठळक, फोनवर दिसेल अशी. डॉक्टरांना आणि जिमवाल्यालाही आता तीच. करू देत तक्रार.

तेलवाल्यांना चेकच्या पावतीची प्रत पाठवतेय. त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘बहिणीचे अर्धे दिले, वेळेवर नाही, पण दिले.’ बघ, तेल उधारीवर मिळतं का.

तुझं रॅपर भिंतीवरून अर्धंच उतरवता आलं असतं तर उतरवलं असतं. तूर्त त्याला जिमवाल्याशेजारून उचलून खिडकीजवळ लावलंय. तिथे ऊन येतं.

आता माझं एक काम आहे. घरातला साबण संपत आलाय, शेवटची वडी झिजून बोटांतून निसटायला लागलीय. एक पेटी पाठव. आईच्या हाती नको, गाडीने पाठव. कडा तुटलेल्या वड्या नकोत, दुकानात जातात त्या हव्यात. जन्मल्यापासून बाबांच्या आणि तुझ्या साबणाने अंघोळ करतेय, आणि त्याचेही पैसे विचारायचे असतात हे माझ्याही डोक्यात कधी आलं नाही, म्हणून आज विचारते.

दादा, किती?

तुझी,
बारकी